आकाशातील ओळखपत्र

१९९६ सालच्या दिवाळीच्या दिवसांत, १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, हरियाणातील चरखी दादरी गावाजवळच्या शेतांत दोन अवाढव्य विमानांचे अवशेष कोसळले. दिल्लीहून नुकतेच उडालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीला उतरू पाहणारे कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची सुमारे १४,००० फुटांवर टक्कर झाली होती. दोन्ही विमानांत मिळून ३४९ माणसे होती. एकही वाचले नाही. त्यांत पोटापाण्यासाठी आखाती देशांकडे निघालेले आपले देशबांधव बरेच होते.

सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती. कझाक विमान त्याखाली उतरले आणि घात झाला. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत हे सारे पुढे आले. परंतु त्याच चौकशीच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सर्वांना कळली. त्या संध्याकाळी दिल्लीच्या नियंत्रकासमोरच्या पडद्यावर फक्त ठिपके होते. कोणता ठिपका किती उंचीवर आहे हे सांगणारे दुय्यम रडार तेथे त्या वेळी वापरात नव्हते. उंची वैमानिकाने तोंडी सांगायची आणि नियंत्रकाने ती मानायची, एवढाच मार्ग होता.

वाचकहो, मी आयुष्यभर बँकेत काम केले. खातेदार काउंटरवर येऊन स्वतःची शिल्लक तोंडी सांगतो आणि अधिकारी ती मान्य करतो, अशी बँक एक दिवसही चालणार नाही. म्हणून विमानाची ओळख आणि उंची नियंत्रकाला परस्पर कळवणाऱ्या त्या लहानशा पेटीविषयी या महिन्यात लिहावे असे वाटले. तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानांत ती असतेच. चार आसनांच्या हलक्या विमानात ती बसवावी का, कशी बसवावी आणि तो खर्च कोणाच्या कल्याणासाठी करायचा, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही.

प्रथम तत्त्व समजून घेऊ. साधे, म्हणजे प्राथमिक रडार रेडिओलहरी सोडते आणि विमानावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी टिपते. डोंगरासमोर उभे राहून हाक मारावी आणि प्रतिध्वनी ऐकावा, तसाच हा प्रकार. प्रतिध्वनीवरून दिशा व अंतर कळते; ते विमान कोणाचे आणि किती उंचीवर, हे कळत नाही. शिवाय लहान विमानाचा, विशेषतः लाकूडकापडाच्या विमानाचा, प्रतिध्वनी फार क्षीण असतो. दुय्यम रडार वेगळ्या रीतीने काम करते. ते १०३० मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर प्रश्न विचारते आणि विमानातील ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर स्वतःच्या शक्तीने उत्तर देतो. डोंगराचा प्रतिध्वनी नव्हे, पलीकडच्या माणसाने दिलेली ओ म्हणा ना.

या उपकरणाचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. रडारवर दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी ब्रिटनने आपल्या विमानांत उत्तर देणारी यंत्रे बसवली. त्यांचे सांकेतिक नाव होते ‘पॅरट’, म्हणजे पोपट. त्यावरून आजही नियंत्रक वैमानिकाला विशिष्ट क्रमांक लावायला सांगताना ‘स्क्वॉक’ हा शब्द वापरतो. पोपटाच्या कर्कश ओरडण्याला इंग्रजीत तो शब्द आहे.

नियंत्रक जो क्रमांक देतो तो चार आकड्यांचा असतो आणि त्यातला प्रत्येक आकडा शून्य ते सात यांपैकीच असतो. आठ आणि नऊ त्या यंत्राला ठाऊकच नाहीत. म्हणून एकूण क्रमांक ४,०९६ होतात. आमच्या काळी पैसे काढायला आलेल्या खातेदाराला पितळी टोकन मिळत असे, तसेच हे टोकन. काम झाले की ते दुसऱ्याला देता येते. काही क्रमांक मात्र राखीव आहेत. ७५०० म्हणजे विमानाचे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद पडला, ७७०० म्हणजे प्राणसंकट. फिरत्या खटक्यांच्या जुन्या यंत्रांत क्रमांक बदलताना चुकून यांपैकी एखादा क्षणभर लागू नये, म्हणून ते यंत्र आधी स्तब्ध स्थितीत ठेवण्याची शिस्त वैमानिकांना शिकवली जात असे.

केवळ क्रमांक सांगणे ही पहिली पायरी झाली. दुसऱ्या पायरीत यंत्र शंभर शंभर फुटांच्या टप्प्यांनी उंचीही कळवते. तिसऱ्या, आधुनिक पायरीत प्रत्येक विमानाला २४ द्विमान अंकांचा कायमचा पत्ता मिळतो. असे पत्ते जगभरात मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख होतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने ते देशोदेशी वाटून दिले आहेत. भारताच्या वाट्याला २,६२,१४४ आले आहेत. टोकन रोज बदलते, पण खाते क्रमांक बदलत नाही, तसा हा प्रकार आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या पायरीतले अंतर किती महागात पडू शकते हे ३१ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत दिसले. लॉस एंजेलिसजवळील सेरिटोस या उपनगरावर, स्वच्छ उजेडात, एरोमेक्सिकोचे डीसी ९ जातीचे प्रवासी विमान आणि पायपर आर्चर हे एक हलके विमान एकमेकांवर आदळले. मोठ्या विमानातील ६४, लहान विमानातील ३ आणि खाली घरांत असलेली १५ अशी ८२ माणसे गेली. लहान विमान परवानगी नसलेल्या नियंत्रित हवाई क्षेत्रात नकळत शिरले होते. त्यात ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. रविवारची सुटी, परिवारासह निघालेली सहल आणि उंचीचा एक आकडा न कळवणारे यंत्र. या घटनेनंतर अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरच्या परिघात उंची कळवणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला आणि तीसहून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा बसवण्याचा कायदा झाला. चरखी दादरीनंतर आपल्याकडेही ती यंत्रणा सक्तीची झाली.

ही टक्कररोधक यंत्रणा कशी चालते हे पाहिले की हलक्या विमानातील पेटीचे महत्त्व ध्यानात येते. प्रवासी विमानातील यंत्रणा स्वतःच एका छोट्या रडारप्रमाणे आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरांना प्रश्न विचारते. उत्तरावरून अंतर आणि उंची ताडते आणि गरज पडल्यास वैमानिकाला ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असे बजावते. समोरच्या विमानात ट्रान्सपाँडरच नसेल, तर या यंत्रणेच्या दृष्टीने ते विमान अस्तित्वातच नसते. उंची न सांगणारा ट्रान्सपाँडर असेल, तर ती सावध करील, पण वर जावे की खाली हे सांगू शकणार नाही.

आता एक घरची हकीकत सांगतो. माझा एक पुतण्या अमेरिकेतील ओहायो राज्यात नोकरीनिमित्त राहतो. त्याने हौसेने खाजगी वैमानिकाचा परवाना घेतला असून चौघांच्या भागीदारीत १९७० च्या दशकातले एक सेस्ना १७२ विमान ठेवले आहे. गेल्या वर्षी त्या विमानातील जुना ट्रान्सपाँडर द्वैवार्षिक तपासणीत नापास झाला. त्यातील निर्वात नळी म्हातारी होऊन उत्तर क्षीण झाले होते आणि कंपनसंख्याही सरकली होती. कार्यशाळेने नव्या यंत्राचा, बसवण्याच्या मजुरीसह, साडेपाच हजार डॉलरचा अंदाज दिला. प्रत्येकी १,३७५ डॉलर. भागीदारांत दोन तट पडले. पुतण्याने सारी कागदपत्रे मला पाठवली आणि लिहिले, “काका, कर्जाचा प्रस्ताव तपासावा तसा हा तपासून सांगा. हा खर्च करावा की करू नये?”

विरोध करणारे भागीदार सत्तरी उलटलेले शेतकरी होते. त्यांचे म्हणणे हटवादी नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. ते म्हणत, “आपली धावपट्टी गवताची, खेड्यातली. मोठ्या विमानतळाच्या परिघाबाहेर, १०,००० फुटांच्या खाली आपण उडतो. येथे कायदा ट्रान्सपाँडर मागत नाही. जुने यंत्र काढून टाकू, वहीत तशी नोंद करू आणि ते पैसे टायर, मॅग्नेटो आणि सरावावर खर्च करू. वैमानिकाचे डोळे बाहेर हवेत, पेटीवर नकोत.” कायद्याबाबत त्यांचे म्हणणे खरे होते. अमेरिकेतील नियमांत तर मुळातच विद्युतव्यवस्था नसलेल्या जुन्या विमानांना, ग्लायडरना आणि फुग्यांना आणखी सवलती आहेत. पायपर कब या प्रसिद्ध विमानात इंजिनावर चालणारे जनित्रच नसते. त्याच्याकडून ही पेटी कोणी कशी मागावी? आपल्या जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता.

मी प्रस्ताव तपासताना नेहमीच्या सवयीने तीन प्रश्न लिहून काढले. वस्तू नेमकी काय आहे? तिचा लाभ कोणाला? आणि ती सांभाळण्याचा भार कोण उचलणार?

पहिल्या प्रश्नासाठी कार्यशाळेचे पत्रक वाचले आणि माझा एक समज दूर झाला. ट्रान्सपाँडर बसवणे म्हणजे दूरदर्शन संच आणून सुईपिनेला जोडणे नव्हे. विमानाच्या फलकावर रेडिओंसाठी सव्वासहा इंच रुंदीची ठरावीक जागा असते. तेथे आधी धातूची चौकट पक्की करतात, तिच्यात पेटी सरकवतात आणि पाठीमागच्या जोडण्या आपोआप बसतात. नव्या पेटीची चौकट जुनीला जुळत नसल्याने वायरिंग बहुधा नव्याने करावे लागते. विजेसाठी स्वतंत्र सर्किट ब्रेकर लागतो. एकूण विद्युतभार जनित्राच्या कुवतीत आहे की नाही, याचा हिशेब कागदावर मांडावा लागतो.

त्यानंतर अँटेना. ही बोटभर लांबीची, सुमारे ७ सेंटीमीटरची काडी किंवा माशाच्या परासारखी पट्टी विमानाच्या पोटाखाली बसवतात. १०९० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटीमीटर असते आणि अँटेना तिच्या चतुर्थांशाएवढी असते. तिला काम करण्यासाठी भोवती धातूचा सपाट पृष्ठभाग लागतो. ॲल्युमिनियमच्या विमानाचे पोटच ते काम करते. कापडाच्या किंवा तंतुकाचेच्या विमानात आतून धातूचा पत्रा मुद्दाम लावावा लागतो. अँटेनाच्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा करतात, कारण रंगाच्या थरामुळे विद्युतसंपर्क बिघडतो. पातळ पत्र्याला बळकटी म्हणून आतून दुसरा पत्रा जोडतात. जागा अशी निवडतात, की चाकांचे पाय आड येणार नाहीत, इतर अँटेना फार जवळ नसतील आणि इंजिनाच्या धुराड्यातील काजळी व तेल तिच्यावर कमीत कमी बसेल. अँटेनापासून पेटीपर्यंत जाणारी समाक्ष केबल चांगल्या प्रतीची आणि शक्य तितकी आखूड ठेवतात. या कंपनसंख्येला हलक्या प्रतीच्या लांब केबलमध्येच बरीच शक्ती जिरून जाते. सव्वाशे किंवा अधिक वॅटचे यंत्र घ्यावे आणि केबलमध्ये पैसे वाचवून त्याचे उत्तर वाटेतच हरवावे, याला काटकसर म्हणता येत नाही.

सर्वांत नाजूक भाग उंचीचा. विमानाच्या कुशीवर एक बारीक छिद्र असते. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब एका नळीवाटे उंचीमापकाकडे जातो. त्याच नळीला फाटा काढून उंचीचे आकड्यांत रूपांतर करणारे छोटे उपकरण जोडतात आणि ते ट्रान्सपाँडरला उंची पुरवते. येथे एक खुबी आहे. वैमानिक आपला उंचीमापक स्थानिक हवेच्या दाबाप्रमाणे खुंटी फिरवून लावून घेतो. हे उपकरण मात्र नेहमी १०१३.२५ हेक्टोपास्कल या एकाच प्रमाणदाबावर उंची मोजते. वैमानिकाने खुंटी कशीही फिरवली तरी ट्रान्सपाँडरने कळवलेला आकडा बदलत नाही. स्थानिक दाबाची दुरुस्ती जमिनीवरचा संगणक करतो. सगळ्या विमानांच्या नोंदी एकाच चलनात आल्या म्हणजे त्यांची तुलना बिनचूक होते, आणि एका वैमानिकाची चूक दुसऱ्याच्या माथी बसत नाही. ही व्यवस्था वाचून मला मनापासून समाधान झाले.

त्या नळीला हात लावला की गळतीची तपासणी अनिवार्य. मग एका निर्वात पंपाने विमानाला जमिनीवर उभ्या उभ्या खोट्या उंचीवर नेतात. हजार फूट, दोन हजार फूट असे टप्पे घेत उंचीमापक काय दाखवतो आणि ट्रान्सपाँडर काय सांगतो, हे शेजारी शेजारी लिहितात. दोहोंतील फरक १२५ फुटांच्या आत असला पाहिजे. आमच्या भाषेत सांगायचे तर तिजोरीतील रोकड आणि खातेवहीतील शिल्लक यांचा हा ताळमेळ. त्याशिवाय उत्तराची कंपनसंख्या, शक्ती, प्रश्न ऐकण्याची संवेदनशीलता आणि क्रमांकाचा बिनचूकपणा तपासतात. विमानाचा २४ अंकी पत्ताही याच वेळी यंत्रात भरतात. तो एका ठिकाणी चुकला तर हे विमान आकाशात दुसऱ्याच्या नावाने वावरेल. म्हणून तो एकाने भरावा आणि दुसऱ्याने तपासावा, ही बँकेतली दोन सह्यांची पद्धत येथेही मला शहाणपणाची वाटली.

शेवटी कागद. जुनी पेटी काढली, नवी बसवली, म्हणजे वजन बदलले. फरक किलोभराचाही नसेल, तरी विमानाच्या वजन व समतोलाच्या तक्त्यात तो मांडावाच लागतो. उपकरणांची यादी बदलते, देखभालीच्या वहीत अधिकृत तंत्रज्ञाची सही होते आणि पुढील तपासणीची तारीख पडते. अमेरिकेत ट्रान्सपाँडरची तपासणी दर २४ महिन्यांनी करावी लागते. नव्या यंत्रात आणखी एक सोय होती. ते कोणी विचारण्याची वाट न पाहता, उपग्रहांवरून मिळालेले आपले स्थान दर सेकंदाला आपण होऊन प्रक्षेपित करते. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतील बहुतेक नियंत्रित क्षेत्रांत हे सक्तीचे झाले आहे.

वस्तू काय आहे हे कळले. दुसरा प्रश्न लाभाचा. येथे या प्रस्तावाचे वेगळेपण ध्यानी आले. विमानाचे टायर नवे घेतले तर लाभ त्यात बसणाऱ्याला होतो. ट्रान्सपाँडर बसवणाऱ्याला मात्र त्या पेटीतून स्वतःला काहीच दिसत नाही. ती दुसऱ्यांना आपण दिसावे यासाठी असते. चौघांनी साडेपाच हजार डॉलर द्यायचे आणि पहिला लाभ त्यांच्या धावपट्टीवरून वर चढत जाणाऱ्या एखाद्या प्रवासी विमानातील दीडशे अनोळखी माणसांना व्हायचा. त्यांना तो झाला की नाही हे कधी कळणारही नाही. नफातोट्याच्या पत्रकात अशी रक्कम नुकसानीच्या बाजूलाच पडेल.

पण ती माणसे वाचली म्हणजे आपणही वाचलो, हे विसरता येत नाही. त्या वृद्ध शेतकऱ्याचा ‘डोळे बाहेर हवेत’ हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा तपासला. तो खरा आहे, पण पुरता नाही. टक्करीच्या मार्गावर असलेले विमान आपल्या काचेवर एकाच जागी स्थिर दिसत राहते. ते सरकत नाही, फक्त मोठे होत जाते, आणि तेही बहुतेक अगदी शेवटच्या काही सेकंदांत. माणसाची नजर हलणारी वस्तू चटकन टिपते. स्थिर ठिपका सहज निसटतो. ताशी २०० किलोमीटरने समोरासमोर येणारी दोन लहान विमाने दर सेकंदाला ११० मीटर जवळ येतात. सेरिटोसलाही आकाश स्वच्छ होते आणि दोन्ही विमानांत डोळे असलेली माणसे होती.

मी पुतण्याला लिहिले, की प्रस्ताव मंजुरीस योग्य वाटतो, परंतु अटींसह. “तुझ्या वडीलधाऱ्या भागीदारांचे म्हणणे फेटाळू नका, त्यातले खरे ते करारात घ्या. दरवर्षी प्रत्येकाने प्रशिक्षकासह किमान एक उड्डाण फक्त बाहेर पाहण्याच्या सरावासाठी करावे. दोन वर्षांनी येणाऱ्या तपासणीचा खर्च आजपासूनच दरमहा बाजूला काढावा. आणि पेटी बसवली म्हणजे ती जमिनीवरून निघण्यापूर्वी चालू आहे, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे.”

शेवटची अट मी सहज घातलेली नव्हती. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये एम्ब्रेअर लेगसी हे अगदी नवे खाजगी जेट आणि गोल कंपनीचे बोइंग ७३७ यांची ३७,००० फुटांवर टक्कर झाली. लेगसीमध्ये उत्तम ट्रान्सपाँडर होता, पण तो त्या वेळी प्रक्षेपण करीत नव्हता आणि वैमानिकांच्या ते लक्षात आले नव्हते. तो बंद, म्हणून टक्कररोधक यंत्रणाही निरुपयोगी. लेगसी कसेबसे उतरले. बोइंगमधील १५४ जण गेले. विकत घेतलेली, बसवलेली आणि प्रमाणित झालेली वस्तू बंद असेल, तर तिची किंमत शून्य होते. धोक्याची घंटा बसवलेली आहे पण तिचा खटका बंद आहे, अशा शाखा लेखापरीक्षणाचे अहवाल वाचताना आम्हालाही भेटत.

विमानात ती पेटी बसली. शेतकरी भागीदारांनी आपला वाटा दिला, पण सरावाची अट कागदावर लिहून घेऊनच. त्यांचे एक वाक्य पुतण्याने मला कळवले, “तुझ्या काकाला सांग, मी त्या पेटीसाठी नाही, त्या एका तासासाठी सही केली.” मला ते आवडले. नंतरच्या पहिल्याच उड्डाणात त्यांनी जवळच्या विमानतळाच्या नियंत्रकाला रेडिओवर विचारले, “आमची उंची तुम्हाला किती दिसते?” उत्तर आले तेव्हा दोघांनी उंचीमापकाकडे पाहिले. आकडा जुळत होता.

आता आपल्याकडे वळू. बारामती, धुळे, गोंदिया येथे उड्डाणाचे शिक्षण मिळते आणि आपल्या परिचयातील घरांतून मुलेमुली तेथे किंवा परदेशी जाऊ लागली आहेत. पालक शुल्क विचारतात, वसतिगृह पाहतात, नोकरीची हमी विचारतात. लाखो रुपयांचे कर्ज काढताना एवढे विचारणे रास्तच आहे. माझी विनंती इतकीच, की त्या यादीत आणखी तीन प्रश्न जोडावेत. शिकाऊ विमानांत उंची कळवणारा ट्रान्सपाँडर आहे का? त्याची आणि उंचीमापकाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? तो बिघडला तर विमान जमिनीवर ठेवण्याची पद्धत लेखी आहे का? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही; उलट वही उघडून दाखवते. वही दाखवायला जेथे टाळाटाळ होते, तेथे कर्ज द्यायचे नसते, हे आम्ही पहिल्याच नेमणुकीत शिकतो.

आणि मूल शिकू लागले, की फोनवर जेवणखाणाबरोबर कधीतरी हेही विचारावे, की आज नियंत्रकाला तुझी उंची किती दिसली. प्रश्न साधा आहे, पण तो घरातून येतो आहे म्हटल्यावर पुढच्या वेळी उड्डाणापूर्वी त्या खटक्याकडे हात आपोआप जाईल.